उन्हाची चुगली

आमच्या ऑफिसात थर्मल कॅमेरा आला तेव्हा तो माझ्या टेबलावर ठेवला गेला, आणि चारच महिन्यांत कुंदा भोयरच्या खांद्याला लागला. मधल्या काळात काय झालं ते लोकांनी मला सौम्य शब्दांत विचारलं आणि मीही सौम्य शब्दांत उत्तरं दिली. आज ते शब्द बाजूला ठेवते. मी कुंदावर जळत होते. अगदी मनापासून, ऑफिसला आल्यापासून घरी जाईपर्यंत, आणि सुट्टीच्या दिवशी घरीसुद्धा.

ऑफिस प्रताप नगरात, एका पिठाच्या गिरणीच्या वर. जुन्या इमारतींचं काँक्रीट तपासायचं, कुठे काय बिघडलंय त्याचा अहवाल द्यायचा, हा आमचा धंदा. मी मुळे मॅडम. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली, इंजिनियर झालेली मी पहिली, तीही पदव्युत्तर. कुंदा रामटेकजवळच्या खेड्यातली, घरची धानाची शेती, शिक्षण डिप्लोमापर्यंत. माझ्यानंतर सहा वर्षांनी लागली. सुरुवातीला तिला काम मीच शिकवलं. हे वाक्य मी पुढे जरा जास्तच लोकांना ऐकवलं.

दिसायला उंच, सावळी, ढांगा लांब. पायात पुरुषी बूट. डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे दिसायचे. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून नागपुरात खूप जण खिशात कांदा ठेवतात, तशी तीही ठेवायची. पण बाकीचे लोक तो कांदा संध्याकाळी फेकून देतात. कुंदा जेवायच्या सुट्टीत तो बुक्कीने फोडायची आणि जवसाच्या चटणीबरोबर खायची. "सकाळपासून एवढं ऊन खाल्लं यानं, आता मी याले खाते," म्हणायची. मी नाक मुरडून खिडकीशी बसायची. वास मात्र खिडकीपर्यंत यायचा.

कॅमेऱ्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. त्यात भिंतीचा रंग दिसत नाही, भिंतीचा ताप दिसतो. गरम भाग पिवळा-नारिंगी, थंड भाग निळा. काँक्रीटमधली सळई गंजली की फुगते आणि वरचा थर आतून सुटतो. बाहेरून सगळं गुळगुळीत, रंगवलेलं, झकास. पण ऊन पडलं की तो सुटलेला थर आजूबाजूच्या काँक्रीटपेक्षा लवकर तापतो आणि कॅमेऱ्यात पकडला जातो. हे शिकायला सरांनी मला पुण्याला पाठवलं होतं. तीन दिवस. प्रमाणपत्र मी फ्रेम करून आणलं.

पहिल्याच सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं पडद्यावर बावीस चित्रं दाखवून समजावलं. दहाव्या चित्राला सेक्रेटरी जांभया द्यायला लागले, पंधराव्याला एक काका झोपले. शेवटी कुणीतरी विचारलं, "म्हणजे नेमकं होते काय, मॅडम?" मी पुन्हा पहिल्या चित्राकडे वळले, तेवढ्यात मागून कुंदाचा आवाज आला.

"काकू, तव्यावरची पोळी फुगते का नाही? फुगली का वरचा पापुद्रा आधी करपते. काहून? खालून सुटला म्हणून. तुमच्या पिलरचं तसंच होऊन राहिलं."

झालं. सगळा हॉल जागा झाला. बायका एकमेकींना सांगायला लागल्या, झोपलेले काकासुद्धा उठून म्हणाले, "असं सांगा ना मग!" मी पंचवीस वर्षं रोज पोळ्या करत होते. करपलेले पापुद्रे नवऱ्याच्या ताटातून काढून स्वतःच्या ताटात घेत होते. मला हे का सुचू नये? त्या रात्री पोळ्या लाटताना एकही फुगली नाही. माझा हात बिघडला होता की डोकं, देव जाणे.

कुंदाची एक खोड होती. ज्या इमारतीचे फोटो काढायचे तिथे ती आदल्या दिवशी नुसतीच जाऊन बसायची. हातात खडू. सावलीच्या कडेला जमिनीवर रेघ मारायची, बाजूला वेळ लिहायची. तासाभराने पुन्हा रेघ. मग भिंतीवर रेघ. लोकांना वाटायचं, बाई जागा मोजायला आली किंवा करणी करायला आली. एका चौकीदाराने बादलीभर पाणी ओतून तिच्या रेघा पुसून टाकल्या, तर तिने त्याला शेजारी बसवून घेतलं आणि दुपारपर्यंत तोच तिला सांगायला लागला, "ताई, सरकली, सरकली!" कोणत्या भिंतीवर ऊन किती वाजता येतं, किती वेळ टिकतं, झाडाची सावली कुठून आडवी जाते, पाण्याची टाकी कुठलं ऊन अडवते, सगळं तिच्या वहीत. दुसऱ्या दिवशी नेमक्या वेळी ती येणार, दहा मिनिटांत फोटो काढणार आणि जाणार.

"ऊन चुगली करते, मॅडम," ती म्हणायची. "पन ते ज्या टायमाले चुगली करते, त्या टायमाले आपण ऐकाले पाहिजे."

मी एकदा गुपचूप करून पाहिलं. खडूचा डबा आणला, घराजवळच्या एका इमारतीसमोर ओट्यावर बसले, रेघा मारल्या. दोन तासांत डोकं दुखायला लागलं आणि कोणती रेघ कधीची ते कळेना. ओळखीच्या एक बाई थांबल्या. "काय वं, काही हरवलं का?" त्यांनी विचारलं. कानातलं हरवलं म्हणाले. त्या बिचाऱ्या माझ्याबरोबर अर्धा तास कानातलं शोधत होत्या.

कॅमेरा माझ्या हातून गेला तो कुरड्यांमुळे.

मे महिना. आमच्याच भागातल्या एका सोसायटीची गच्ची तपासायची होती. कॅमेरा माझ्याकडे, कुंदा मदतीला. लोकांनी आमच्यासाठी गच्ची झाडून चकचकीत करून ठेवली होती. मी कॅमेरा लावला आणि पडद्यावर सहा निळे पट्टे दिसले. लांब, सरळ, कडा अगदी रेखीव. आजूबाजूला सगळं नारिंगी आणि मध्ये हे सहा थंडगार पट्टे. पहिल्याच उन्हाळ्यात एवढा मोठा शोध!

"स्लॅबमध्ये पाणी मुरलंय," मी सेक्रेटरींना सांगितलं. "सहा ठिकाणी. फोडून बघावं लागेल."

सेक्रेटरींचा चेहरा पडला. कुंदा खाली उकिडवी बसली. एका पट्ट्याच्या जागेवरून तिने काहीतरी बारीक उचललं, बोटांत चुरडलं आणि तोंडात टाकलं. मग जिन्याच्या दारात उभ्या असलेल्या काकूंना विचारलं, "काय वं काकू, वाळवण कधी उचललं?"

"आत्ताच तं," काकू म्हणाल्या. "तुम्ही येऊन राहिले म्हणून उचललं ना. सकाळपासून होतं. सहा साड्यांवर कुरड्या अन् मुंगवड्या."

ज्या जागेवर साडी होती तिथे ऊन लागलंच नव्हतं. म्हणून ती थंड. पाणीबिणी काही नाही. माझ्या कॅमेऱ्याने सहा साड्यांचे फोटो काढले होते. गच्चीवर असा हशा पिकला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. कुंदा हसली नाही. तिचं न हसणं मला जास्त झोंबलं. "दोन तासांनी पुन्हा पाहू, मॅडम," एवढंच म्हणाली. दोन तासांनी पट्टे फिके पडले होते. सेक्रेटरींनी चहाबरोबर तळलेल्या कुरड्या दिल्या. कुंदाने चार खाल्ल्या. मी पोट बिघडलंय म्हणाले.

पुढच्या सोमवारी सर म्हणाले, "मुळे मॅडम, अहवाल तुम्ही बघा. कॅमेरा कुंदा बघेल." अहवाल म्हणजे सही. सही मोठी गोष्ट आहे, असं मी घरी सांगितलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कुंदा धानकापणीसाठी आठ दिवस गावी गेली आणि नेमकं धंतोलीतल्या एका दवाखान्याचं काम आलं. जुनी इमारत. दारावर रस्त्याच्या बाजूने लांबलचक, रुंद तुळई, आणि तिच्याखाली ओटा. विदर्भभरातून आलेल्या पेशंटांचे नातेवाईक त्या ओट्यावर बसलेले असायचे. डबे, पिशव्या, एक्स-रेची पाकिटं, मांडीवर झोपलेली पोरं. सर म्हणाले, "कुंदा आली की करू." मी म्हणाले, "त्यात कुंदा कशाला? मी करते."

तुळईचं तोंड पश्चिमेला. तिच्यावर ऊन दुपारी येणार. सकाळी ती पूर्ण सावलीत, म्हणजे आत थर सुटलेला असला तरी कॅमेऱ्यात काही दिसायचं नाही. हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवत नाही. दवाखान्याच्या मॅनेजरने सकाळी नऊची वेळ दिली, मी नऊला फोटो काढले. सगळं एकसारखं निळं. दुपारी पुन्हा जायला हवं होतं. दुपारी घरी पाहुणे होते, दुसऱ्या दिवशी मॅनेजर नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी कुंदा परत येणार होती. ती यायच्या आत मला माझ्या फोटोंचा, माझ्या सहीचा अहवाल सरांच्या टेबलावर हवा होता. कॅमेऱ्यातलं घड्याळ कुणी कधी लावलंच नव्हतं, वेळ आम्ही हाताने लिहायचो. मी लिहिलं: दुपारी तीन. खाली लिहिलं: दोष आढळला नाही. आणि सही केली.

कुंदा परत आली ती बोटांना विळ्याचे काप घेऊन. आल्याआल्या तिने फाईल उघडली. कुणी सांगितलं नव्हतं, तिला सवयच होती. माझा फोटो ती बराच वेळ बघत राहिली. तुळई बघून झाली तरी तिची नजर फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर होती. तिथे दोन पांढरेशुभ्र, झगझगीत ठिपके होते.

"हे काय आहे, मॅडम?"

"असेल कुणाचं काही गरम. खाली लोक बसतात."

"हे पोह्याची परात आहे. अन् हे पोह्यावर ओताच्या तर्रीचं भगोनं. गाडीवाला आहे ना तिथं." मग तिने विचारलं, "किती वाजताचा फोटो?"

"लिहिलंय ना. तीन."

कुंदाने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. "बरं," म्हणाली. फाईल मिटली, दुपट्टा गुंडाळला, कॅमेरा खांद्याला लावला आणि जिना उतरून गेली.

साडेपाचला परत आली. माझ्या टेबलावर सहा फोटो ठेवले. "तुमच्या फायलीत हे लावाचे राहून गेले होते."

तीच तुळई. पण मधोमध बाजेएवढा नारिंगी डाग. शिडी लावून तिने हातोडीने ठोकून पाहिलं होतं, सगळं पोकळ वाजत होतं. ओट्यावरच्या लोकांना तिने उठवलं होतं आणि आडवी दोरी बांधली होती. मॅनेजर भांडला, पण तिने दोरी सोडली नाही.

"पोहेवाला अकरा वाजता गाडी घेऊन जाते, मॅडम," ती म्हणाली. "तीन वाजता तिथं तर्री कुठून आली?"

मी फाईल माझ्याकडे ओढली.

"मले तुमचा राग नाही आला. मले कसंतरीच होऊन राहिलं. माझ्या आईले दवाखान्यात आणतो ना, तं आम्ही तिथंच बसतो. त्याच ओट्यावर."

एवढं बोलून ती हात धुवायला गेली. मी माझं पान फाडलं, नवं लिहिलं, तिचे फोटो लावले आणि खाली पुन्हा माझीच सही केली. सही माझीच लागते, हे खरंच होतं. पण तिचं नाव कुठे लिहायला जागा नव्हती असं मात्र नाही.

कंत्राटदाराने तुळईच्या त्या भागाला पहार लावली, तर दाराच्या फळीएवढा तुकडा खाली आला. रिकाम्या ओट्यावर. सरांनी पेढे आणले, सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि अहवाल असा लिहावा म्हणून माझ्या अहवालाच्या प्रती वाटल्या. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जोरात कुंदाने वाजवल्या. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. तिने सरांना सांगितलं असतं तर मी तिला चुगलखोर म्हणून मोकळी झाले असते. तिने ती सोयही ठेवली नाही.

दोन वर्षांनी एका मोठ्या पुलाच्या कामावर तिला बोलावणं आलं. परराज्यात. पुलाला म्हणे सकाळ-दुपार-संध्याकाळ कॅमेरा लावून बसायचं होतं आणि त्यांना असं बसणारं माणूस हवं होतं. तिला स्वतःहून विचारलं होतं, मला नाही. निरोपाला समोसे होते, चिवडा होता. मी ठरवून उभी राहिले. म्हणाले, "धंतोलीच्या त्या तुळईचे फोटो माझे नव्हते. कुंदाचे होते. माझे चुकले होते."

सर भारावून उठले. "बघा, याला मोठं मन म्हणतात! जाणाऱ्याला स्वतःचं श्रेय देऊन टाकलं!"

पुन्हा टाळ्या. पुन्हा कुंदाच्या सगळ्यांत जोरात, आणि दुपट्ट्याच्या वर डोळे हसत होते. "वेळही मी खोटी लिहिली होती," हे वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. समोशाबरोबर ते मी गिळलं.

तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या फेब्रुवारीत. सासूबाईंची औषधं आणायला धंतोलीत गेले होते. दुपारचे चार होत आले होते. त्या दवाखान्यावरून जाताना ओट्यावर एक पांढरा दुपट्टा दिसला. पाय आपोआप थांबले. कुंदाच होती. आई आत ॲडमिट होती, ती सुट्टी काढून आली होती. मांडीवर डबा, बाजूला रिपोर्टांची पिशवी. ओट्यावर कडक ऊन आलं होतं आणि लोक भिंतीला चिकटून बसले होते. एक म्हातारी बसायला जागा शोधत उभी होती.

"इथं बस वं आजी," कुंदा तिला सांगत होती. ओट्यावर खडूची एक रेघ होती. "या रेघेच्या अलीकडे. चार वाजून दहा मिनटाले इथं सावली येते, समोरच्या बिल्डिंगची."

मग तिने मला पाहिलं. "अवं, मॅडम!" म्हणाली आणि डबा उचलून मला जागा केली.

मी बसायच्या आधी वर पाहिलं. नकळत. तुळईची दुरुस्ती झाली होती, वरून नवा रंग लागला होता. पण रंग तर तेव्हाही होता.

"वर काय पाहता?" कुंदा म्हणाली. "तुमची सही आहे ना कागदावर. म्हणून तं बिनधास्त बसली."

ती टोमणा मारत होती का, मी तिच्या डोळ्यांत शोधलं. नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं. फोटो तिचे, हातोडी तिची, दोरी तिची, आणि भरवसा माझ्या सहीवर. मी त्या तुळईखाली बसले. आता सांगावं असं फार वाटलं. "कुंदा, मला तेव्हा माहीत होतं गं," एवढं तोंडातून निघालं.

"मले माहीत आहे तुम्हाले माहीत होतं," ती म्हणाली, आणि डब्यातली जवसाची चटणी माझ्यापुढे केली. "खा."

मी खाल्ली. कांदाही खाल्ला. सावली रस्ता ओलांडून ओट्यावर चढली, म्हातारीच्या पायाच्या बोटांवर आली आणि रेघेला टेकली. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून नऊ मिनिटं.

"एक मिनिट चुकलीस," मी म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच आनंदाचा निघाला असावा, कारण म्हातारीनेसुद्धा वळून पाहिलं.

कुंदाने खांदे उडवले. आतून कुणीतरी तिच्या आईचं नाव पुकारलं तशी ती उठली, पिशवी काखेत मारली आणि लांब ढांगा टाकत दारातून आत गेली. जाताना दाराशी थांबून एकदा म्हणाली, "घड्याळ लावून घ्या, मॅडम."

घरी आल्याबरोबर चप्पलही न काढता मी टीव्हीवरच्या बातम्यांच्या वेळेशी घड्याळ ताडून पाहिलं. एक मिनिट मागे होतं.